भरवेलीचा काळा दगड

नागपूरहून कान्हाच्या मुक्की गेटकडे निघालेल्या कित्येक गाड्या गोंदिया, बालाघाट करत बैहरच्या रस्त्याला लागतात आणि भरवेली मागे टाकून सुसाट निघून जातात. वाघाच्या ओढीपुढे खाणीचं काय कौतुक! पण याच गावात माणसं चारशे मीटरच्या आसपास खोल उतरून मँगनीज काढतात. देशातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत भरवेलीची गणना होते.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट. कॅम्परव्हॅन घेऊन निघालेले लोक ॲडलेडपासून साडेआठशे किलोमीटरवरच्या कूबर पेडीला मुद्दाम मुक्काम करतात. १९१५ साली तिथं एका चौदा वर्षांच्या मुलाला ओपल सापडलं आणि उजाड माळावर गाव वसलं. उन्हाळा असा, की लोकांनी घरं आणि चर्चसुद्धा जमिनीखाली कोरली. शिवाय ओपल एकट्यादुकट्यालाही खणता येतं. नशिबानं साथ दिली तर एका खड्ड्यात आयुष्याचं सोनं. भरवेलीत असला जुगार कधी नव्हता. इथला धंदा पहिल्यापासून कंपनीचा, आणि दगड टनांवारी विकायचा.

तो दगड हातात घेतला की आधी वजन चकित करतं. ब्राउनाइट हे इथलं एक मुख्य खनिज, त्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा दीडपटीहून जड. पायरोलुसाइटसारखा मऊ प्रकार असेल तर बोटं काजळीनं माखल्यासारखी काळी होतात. शोकेसमध्ये ठेवावं असं त्यात काही नाही. तो भट्टीत जातो आणि पोलादात विरून जातो. पोलादातला ऑक्सिजन आणि गंधक आवरायला मँगनीज लागतंच. बारा-तेरा टक्के मँगनीज घातलेलं पोलाद रॉबर्ट हॅडफील्डनं १८८२ साली तयार केलं. जिथं रूळ एकमेकांना छेदतात आणि चाकांचे दणके बसतात, तिथं आजही तेच वापरतात.

ब्रिटिश भांडवलाची नजर इकडं वळली ती १८९६ साली, ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’च्या रूपानं. तिचीच पुढं ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली. १९६२ मध्ये केंद्र आणि मध्य प्रदेश, महाराष्ट्र या दोन्ही राज्य सरकारांनी ५१ टक्के वाटा घेऊन नवी कंपनी उभी केली, १९७७ मध्ये उरलेला इंग्रजी हिस्साही सरकारकडं आला. तीच आजची ‘मॉयल’. मुख्यालय नागपुरात, सर्वांत मोठी खाण भरवेलीत. १९५६ साली राज्यांची रेघ पडली ती मँगनीजच्या या पट्ट्यातूनच. तिरोडीची खाण मध्य प्रदेशात, तर डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या महाराष्ट्रात. दगडाला अर्थातच त्याचं सोयरसुतक नाही.

या पट्ट्याचं पहिलं मोठं पुस्तक लिहिलं ते लुईस ली फर्मॉर या भूशास्त्रज्ञानं. १९०९ चा त्याचा हजारावर पानांचा ग्रंथ आजही संशोधकांना चुकवता येत नाही. क्वार्ट्‌झ आणि मँगनीजयुक्त गार्नेटच्या इथल्या खडकाला त्यानं गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ नाव दिलं, ते जगभर रूढ झालं. छिंदवाड्यातल्या सीतापारवरून ठेवलेलं ‘सीतापाराइट’ मात्र टिकलं नाही. ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं. याच फर्मॉरचा मुलगा पॅट्रिक १९३३ साली हॉलंडहून कॉन्स्टँटिनोपलला पायी निघाला आणि प्रवासलेखक म्हणून गाजला. बापाची पायपीट काही कमी नव्हती, पण ती सरकारी अहवालात गेली.

भरवेलीतला खनिजाचा थर तिरका, उतरता, लांबीला पावणेतीन किलोमीटरच्या घरात. असा थर वरून उघडा करत जाणं एका खोलीनंतर परवडत नाही, म्हणून खाली उतरावं लागतं. पद्धत अशी: आडवा काप घ्यायचा, सुरुंग लावून माल काढायचा, मग रिकाम्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडायची. पाणी निथळून जातं, वाळू घट्ट बसते आणि तिच्यावर उभं राहून पुढचा, वरचा काप घेतात. कामगार म्हणजे स्वतःच भरलेल्या जमिनीवर उभे राहून छताकडं चढत जातात. छताला लोखंडी बोल्ट ठोकलेले असतात. काढलेल्या खनिजाइतकीच भरणीची काळजी घ्यावी लागते. पोकळी तशीच सोडली तर वरचा खडक कधी बसेल याचा नेम नाही.

बायका मात्र वरच. १९५२ च्या खाण कायद्यानं त्यांना भूमिगत कामाची मनाई होती. २०१९ मध्ये काही अटींवर ती सैल झाली. माल फोडून, निवडून त्याची प्रत लावण्याचं काम या पट्ट्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं.

गाडीतच मुक्काम करत हा पट्टा पाहायचा तर नागपूरहून मनसर, तुमसर, तिरोडी, बालाघाट असा रस्ता धरावा. खाणीत परवानगीशिवाय कुणी सोडत नाही, तो हट्ट धरू नये. भरवेलीनंतर घाट चढला की उकव्याला आणखी एक मँगनीज खाण आहे, आणि बैहरच्या पुढं मलाजखंड, जिथं तांब्यासाठी उघडा खणलेला प्रचंड खड्डा आता जमिनीखाली उतरू लागला आहे.