खाद्याच्या गोणीतले औषध आणि शेडवरचा मजूर

आपले अनेक बंधू-भगिनी आज कोंबड्यांच्या शेडवर राबतात. कुणी पिल्ले सांभाळतो, कुणी खाद्याच्या गोण्या रिकाम्या करतो, कुणी लिटर उचलते, तर कुणी चिकनच्या दुकानात सुरी चालवतो. घाम गाळून मिळवलेली ही भाकरी आहे, तिच्यात कमीपणा काहीच नाही. मात्र या कामाबरोबर एक गोष्ट नकळत घरी येऊ शकते आणि तिची माहिती प्रत्येक घराला हवी. ती गोष्ट म्हणजे औषधाला दाद न देणारे जंतू.

अँटिबायोटिक औषधे जंतूंना मारतात, हे आपण जाणतो. आजारी जनावराला ती देणे योग्यच. पण गेल्या शतकाच्या मध्यापासून अनेक देशांत निरोगी कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यातही ती थोड्या थोड्या प्रमाणात मिसळली जाऊ लागली. का, तर जनावराने लवकर वजन धरावे! अशा थोड्या मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच संख्या वाढते. शिवाय हा चिवटपणा ते दुसऱ्या प्रकारच्या जंतूंनाही देऊ शकतात. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण इथेही लागू पडते.

अमेरिकेतील डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी बोस्टन शहराजवळच्या एका शेतावर याचा पडताळा घेतला. १९७६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोंबड्यांना टेट्रासायक्लीन गटातील औषध मिसळलेले खाद्य सुरू केले आणि आठवडाभरातच त्यांच्या आतड्यांतील जवळजवळ सर्व जंतू त्या औषधाला न जुमानणारे निघाले. पाच-सहा महिन्यांनी शेतावर राहणाऱ्या माणसांची शौचाची तपासणी पाहिली, तर १०० पैकी सुमारे ३१ नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जंतू तसेच चिवट होते. शेजारच्या घरांत असे नमुने १०० पैकी सुमारे ७ होते. औषध कोंबड्यांच्या खाद्यात होते, चिवट जंतू मात्र माणसांत वाढले! पुढे ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांत, तपासलेल्या १० जणांपैकी ८ जणांमध्ये असे जंतू सापडले नाहीत. म्हणजे कारण दूर केले की दुष्परिणामही ओसरू शकतो.

युरोपीय संघाने वजनवाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले. २०१५ साली चीनमध्ये कोलिस्टिन या औषधाला निकामी करणारा नवा गुणधर्म डुकरांच्या, मांसाच्या आणि रुग्णांच्याही जंतूंत सापडला. इतर औषधे हरल्यावर डॉक्टर जे वापरतात, त्यांपैकी हे एक औषध. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या व इतर खाद्यपशूंसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

घाबरून काम सोडण्याचे कारण नाही. असे जंतू अंगावर वा पोटात असूनही निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. प्रश्न येतो तो जखम चिघळली, लघवीचा संसर्ग झाला, बाळंतपण वा शस्त्रक्रिया झाली तर. तेव्हा नेहमीचे औषध लागू पडत नाही आणि मजुराचे दिवस व पैसे दोन्ही जातात.

म्हणून शेडवरून आल्यावर, जेवणापूर्वी, तान्ह्या बाळाला घेण्यापूर्वी आणि तंबाखू मळण्यापूर्वीसुद्धा साबणाने हात धुवावेत. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, वेगळे धुवावेत. हाताची जखम झाकावी. लिटर उचलताना तोंडा-नाकावर फडके नव्हे, मास्क बांधावा. कच्च्या कोंबडीची सुरी व पाट न धुता त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नये. मांस नीट शिजवावे. कोंबड्यांचे औषध माणसाने कधीही घेऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, दवाखान्यात गेल्यावर आपण कोणते काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नेदरलँड देशात रुग्णालयात दाखल होताना डुकरांजवळ काम करता का, असे विचारतात आणि तसे असल्यास चिवट जंतूंची तपासणी करतात. आपल्याकडे कुणी विचारो न विचारो, आपण सांगावे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना त्यांच्याच कारकिर्दीत आखली गेली. मजुराचे आरोग्य ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. तेव्हा खाद्यात कोणते औषध आहे हे मालकाला विचारा. साबण, पाणी, हातमोजे मागा. एकट्याला जड जात असेल तर चौघांनी मिळून मागा. आणि हा मजकूर शेडवर काम करणाऱ्या शेजाऱ्यालाही जरूर वाचून दाखवा.