ईश्वरी सामर्थ्यावरचा भरवसा

ख्रिस्ती धर्मजीवनाचा विचार करताना एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. मनुष्याची आध्यात्मिक वाढ जर ईश्वराच्याच सामर्थ्याने होते, तर मनुष्याने करावयाचे काय उरते? आणि ती जर मनुष्याच्या प्रयत्नाने होत असेल, तर ईश्वरावर भरवसा ठेवण्याचे प्रयोजन काय?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा नाही. कावेरी जेथे कोळ्ळिडम् या शाखेपासून वेगळी होते, तेथील श्रीरंगम् क्षेत्री वैष्णव आचार्यांच्या दोन परंपरांनी हाच वाद दोन दृष्टांतांनी मांडला आहे. माकडिणीचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. ईश्वराची कृपा यांतील कोणत्या रीतीने काम करते, हा तो वाद. तेथून खाली समुद्रापर्यंत पसरलेल्या तंजावरच्या भातशेतीच्या मुलखात, मराठ्यांचे राज्य असताना, एका जर्मन धर्मोपदेशकाने आपल्या आयुष्याने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आजही विचार करण्याजोगे आहे.

क्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ याचा जन्म १७२६ साली प्रशियात झाला. त्याचे शिक्षण हाले येथे झाले. हालेचा आचार्य फ्रांके याने १६९५ साली दानपेटीत पडलेल्या पाच थालरहूनही कमी रकमेवर गरीब मुलांची शाळा सुरू केली होती, आणि त्यातूनच पुढे मोठा अनाथाश्रम उभा राहिला. पैसा हाती येण्याची वाट न पाहता, ईश्वर पुरवील या भरवशावर काम सुरू करावयाचे, आणि सुरू केलेल्या कामाचा हिशेब मात्र काटेकोर ठेवावयाचा, अशी तेथील शिस्त होती. हा संस्कार घेऊन श्वार्ट्झ १७५० साली तरंगंबाडीस उतरला. तमिळ, फार्सी, मराठी अशा भाषा त्याने कष्टाने आत्मसात केल्या, आणि १७७८ पासून १७९८ साली मृत्यू येईपर्यंत तंजावर हेच त्याचे घर झाले. तो अविवाहितच राहिला.

त्याची शिकवण थोडक्यात अशी होती. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने ईश्वरासमोर निर्दोष ठरत नाही. ख्रिस्ताच्या ठायी प्रगट झालेली कृपा तो विश्वासाने स्वीकारतो. पुढे त्याच्या स्वभावात जो पालट होतो, क्रोध ओसरतो, लोभ सुटतो, वैऱ्याविषयीही ममता उपजते, तो पालटही पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने होतो. मात्र प्रार्थना, शास्त्राचे वाचन आणि लोकांची सेवा यांत आळस करणाऱ्याने आपण ईश्वरावर भरवसा ठेवला आहे असे म्हणू नये.

कावेरीकाठच्या शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. नदीचे पाणी तो निर्माण करीत नाही. ते दूर कोडगूच्या डोंगरातून येते. कल्लणैचे प्राचीन धरण त्याला वळण देते. पण गावाचा पाट गाळाने बुजला असेल, तर भरून वाहणारी नदीही त्याच्या शेताला कोरडीच. पाणी नदीचे, पाट उपसणे शेतकऱ्याचे. आणि पाट उपसला म्हणून पाणी आपण आणले, असा अभिमान कोणी धरीत नाही.

श्वार्ट्झच्या चरित्रात हा दृष्टांत प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. १७९४ सालच्या एका पत्रात त्याने लिहिले आहे की, ज्या भागात ख्रिस्ती कुटुंबे अधिक होती, तेथील पाट पंधरा वर्षे साफ झाले नव्हते. त्याने अधिकाऱ्यांकडून आगाऊ पैसा मागून घेतला आणि कामावर देखरेख करण्यास आपली माणसे पाठविली. पूर्वी पाण्याअभावी जेथे ४,००० कलम भात पिकत असे, तेथे १४,००० कलम पिकले. प्रार्थना आणि पाटाची साफसफाई ही त्याच्या लेखी एकाच निष्ठेची दोन कामे होती.

त्याआधी हैदरअलीच्या स्वारीच्या काळात याहून कठीण प्रसंग आला होता. किल्ल्यातील शिपाई उपाशी मरत होते. खेड्यांत धान्य होते, पण ते आणण्यास बैल मिळेनात. कारण पूर्वी सरकारने पैसे बुडविल्यामुळे रयतेचा राजाच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. शेवटी तुळजाजी राजाने श्वार्ट्झला शब्द टाकण्यास सांगितले. श्वार्ट्झने गावोगाव पत्रे धाडली, पैसे मिळतील अशी हमी दिली, आणि थोड्याच दिवसांत हजारावर बैल जमून ८०,००० कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. हमीप्रमाणे पैसेही चुकते झाले. ज्याने स्वतःचा भार ईश्वरावर टाकला होता, त्याच्यावर लोकांनी आपला भार टाकला. आध्यात्मिक वाढीची याहून खरी खूण दाखविणे कठीण आहे.

या भरवशाची दुसरी बाजू संयमाची. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा, जी पुढे क्लारिंदा या नावाने प्रसिद्ध झाली, एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर राहत असे. तिने बाप्तिस्मा मागितला. परंतु तो संबंध विवाहाचा नसल्यामुळे श्वार्ट्झने नकार दिला. त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतरही तिची श्रद्धा ढळली नाही, आणि १७७८ साली दक्षिणेकडे पाळैयंकोट्टै येथे त्याने तिला बाप्तिस्मा दिला. तिच्या पुढाकाराने तेथे प्रार्थनामंदिर उभे राहिले. नकारानंतरची ती वर्षे तिच्या वाढीचीच वर्षे ठरली. धर्मोपदेशकाने घाई केली असती, तर त्या श्रद्धेची कसोटी लागलीच नसती.

तुळजाजीचा दत्तक पुत्र शरफोजी याचा श्वार्ट्झने पित्याप्रमाणे सांभाळ केला. पण त्याला ख्रिस्ती करण्यासाठी त्याच्यावर सक्ती केली नाही. शरफोजी अखेरपर्यंत आपल्या धर्मात राहिला, आणि त्यानेच गुरूच्या स्मरणार्थ लंडनचा शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. फळ ईश्वराच्या हाती सोपविणाऱ्याला दुसऱ्याच्या अंतःकरणावर जबरदस्ती करण्याची गरज वाटत नाही, याचे हे उदाहरण होय.

तथापि या कथेत एक उणीव राहिली, ती झाकून चालणार नाही. तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीत उच्चवर्णीय वेळ्ळाळर आणि अस्पृश्य मानलेले लोक एकाच मंदिरात, पण वेगवेगळे बसत. श्वार्ट्झने हा भेद चालू दिला. त्याचाच शिष्य, थोर तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम् शास्त्री, पुढे या भेदाच्या बाजूने उभा राहिला. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी तो मोडण्याचा आदेश काढला, तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली. कृपेने सर्वांना सारखेच जवळ केले आहे असे मानणारी माणसे शेजारच्या माणसाजवळ बसण्यास मात्र तयार नव्हती.

हा गाळ अंतःकरणातला होता. ईश्वराच्या सामर्थ्यावरचा भरवसा म्हणजे काय, हे येथेच नीट समजते. आपल्या पाटात अद्याप किती गाळ साचलेला आहे, हे निर्भयपणे पाहण्याचे बळ त्या भरवशाने मिळावयास हवे. कारण जो स्वतःच्याच पुण्याईवर उभा आहे, त्याला आपले दोष पाहण्याची भीती वाटते, आणि जो कृपेवर उभा आहे, त्याला ती वाटण्याचे कारण नाही. पाट एकदा उपसून काम संपत नाही. दर वर्षी नवा गाळ येतो आणि दर वर्षी, पाणी येण्यापूर्वी, फावडे हाती घ्यावे लागते.