शेजाऱ्याचं नाक, धंद्याचं धुराडं

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या पूर्वेला अर्विंडेल नावाचं जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव आहे. गावाची ओळख खडीच्या खाणींची. हुय फाँग फूड्स या कंपनीने आपला लाल मिरचीच्या सॉसचा नवा कारखाना तिथे उभारला. मालक डेव्हिड ट्रान व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेले. 1980 मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसात मिरचीच्या सॉसचा धंदा सुरू केला आणि ज्या जहाजाने देश सोडला त्याचंच नाव कंपनीला दिलं. त्यांचा ‘श्रीराचा’ सॉस इतका खपू लागला की जुनी जागा पुरेना, म्हणून अर्विंडेल.

2013 च्या हंगामात तिथे ताज्या मिरच्या वाटायला सुरुवात झाली आणि तक्रारीही सुरू झाल्या. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, डोकं दुखतं. ऑक्टोबरमध्ये नगरपालिका कोर्टात गेली. नोव्हेंबरअखेर न्यायाधीशांनी वास सुटेल असं काम थांबवण्याचा आदेश दिला, मात्र लोकांच्या तब्येतीवर परिणाम झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही, अशी नोंदही त्याच आदेशात केली. हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या प्रादेशिक यंत्रणेच्या निरीक्षकांना तर नियमभंग सापडलाच नव्हता. ट्रान यांनी कारखान्यावर फलक लावला: इथे अश्रुधूर तयार होत नाही.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने हा फलक अर्धाच खरा. अश्रुधुराच्या नळकांड्यातलं रसायन वेगळं असतं, हे कबूल. पण पोलिसांच्या पेपर स्प्रेमध्ये असतं ते मिरचीतलंच कॅप्सेसिन. आणि कॅप्सेसिनला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच! गावकरी ‘वास येतो’ म्हणत होते आणि अधिकारी वास हुंगत होते. भांडण मात्र निम्मं वासाचं नव्हतंच.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या पोकळीच्या छताशी असतात. त्यांच्यावर साधारण 400 प्रकारचे ग्राही रेणू असतात. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली आणि 2004 चं नोबेल मिळवलं. झोंबण्याचं खातं निराळं. डोळे, नाक, तोंड यांत पसरलेल्या ट्रायजेमिनल नसेकडे ते आहे. या नसेच्या टोकांवर टीआरपीव्ही-1 नावाचा ग्राही असतो. एरवी तो 43 अंश सेल्सिअसच्या वरची आच लागली की जागा होतो. कॅप्सेसिन नेमकं त्यालाच चाळवतं, म्हणून मिरची लागली की ‘आग झाली’ असं शरीर खरोखरच समजतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये हा ग्राही शोधला. 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो यासाठी.

धंदेवाल्याच्या कामाची गोष्ट यापुढे आहे. कॅप्सेसिन सहजासहजी वाफ होऊन उडत नाही. कोरड्या मिरचीची पूड, ओल्या मिरचीचे तुषार, फोडणीतल्या तेलाचे सूक्ष्म थेंब यांच्या पाठीवर बसून ते हवेत फिरतं. म्हणजे ठसका अडवायचा तर कण पकडायचे. लसूण, व्हिनेगर, तळणीचा वास हा वायूंचा मामला. तिथे कण पकडणारी जाळी कितीही बारीक लावा, वायू तिच्यातून निघून जातो.

हे सगळं एका जागी बघायचं तर लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यात जावं. रंगाला बेडगी नाहीतर काश्मिरी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी, असा हिशेब करत बाया मिरच्या निवडत असतात. भाजलेले धने, बडीशेप, दगडफूल, मिरच्या असा ऐवज पिशवीत घेऊन डंक्यासमोर रांग लागते. डंका म्हणजे ओळीने उभी लोखंडी मुसळं. मोटरवर वर-खाली होणारी, उखळात धाडधाड आपटणारी. प्रत्येक आपटीसरशी लाल खकाणा वर उडतो. गिऱ्हाईक शिंकून बेजार. डंक्यावरचा माणूस तोंडाला फडकं बांधून निवांत. त्याची ही निवांतता निव्वळ धीटपणाची नाही. कॅप्सेसिनचा मारा वारंवार झाला की त्या नसांची टोकं बोथट होतात. सांधेदुखीवर कॅप्सेसिनचं मलम देतात तेही याच गुणामुळे.

वासाच्या बाबतीतही असंच घडतं, आणि माझ्या मते शेजाऱ्यांतली निम्मी भांडणं इथेच जन्मतात. एखाद्या वासात सलग काही मिनिटं बसलं की नाक तो कळवणं कमी करतं. दिवसभर कढईपाशी उभा असलेला फरसाणवाला छातीवर हात ठेवून सांगतो, ‘कुठे येतोय वास, काका?’ तो खोटं बोलत नसतो. वरच्या मजल्यावरचे काका मात्र ऑफिसातून ताजं नाक घेऊन घरी आलेले असतात. त्यांना जिन्यातच पहिला घाणा कळतो.

दुसरी अडचण मोजमापाची. वासाचा ठसा हवेतल्या रेणूंच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, आणि कमीही होत नाही. हवेतले वासाचे रेणू निम्म्याने घटवले तरी नाकाला फारसा फरक पडत नाही. जाणवेल असा बदल हवा तर ते दहापटीने घटवावे लागतात. मालक पदरचे पैसे घालून यंत्र बसवतो, यंत्र खरोखर अर्धा वास खातं, शेजारी म्हणतो काहीच फरक नाही. दोघंही खरं बोलत असतात. त्यात काही रेणू असे तिखट की अब्जात एखादा असला तरी पुरे. घरच्या सिलिंडरमधल्या वायूला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात, आणि त्याची चिमूट इतकी छोटी असते की ज्वलनावर काही परिणाम होत नाही. सुक्या बोंबलाचा ट्रायमिथाइल अमाइन हाही याच जातीचा पराक्रमी.

मग मोजायचं कसं? यंत्राने पूर्ण जमत नाही, म्हणून शेवटी माणसाचंच नाक वापरतात. संशयित हवा पिशवीत भरून आणायची, स्वच्छ हवेत मिसळून पातळ करायची आणि निवडलेल्या माणसांना हुंगायला द्यायची. निम्म्या माणसांना जेमतेम कळेल इतकी पातळ करायला किती पट स्वच्छ हवा लागली, तो त्या वासाचा आकडा. युरोपीय मानकात या हुंगणाऱ्यांचीही परीक्षा असते. ब्यूटेनॉल हुंगवून फार तीक्ष्ण नाकाचे आणि फार मठ्ठ नाकाचे, दोघेही घरी पाठवतात. जर्मनीने याहून व्यवहारी मार्ग काढला. तासातली सहा मिनिटं वास ओळखू आला तर तो ‘वासाचा तास’ धरायचा. वस्तीच्या भागात वर्षातल्या एकूण तासांच्या 10 टक्के, कारखान्यांच्या भागात 15 टक्के, यापलीकडे गेलं की त्रास मोठा समजायचा. मला हा हिशेब आवडतो. वास चांगला की वाईट या वादात तो शिरतच नाही, किती वेळा आला एवढंच विचारतो. ताज्या पावाचा वास कुणाला नको असतो? रोज पहाटे चार वाजता उशीपाशी आला तर बघा.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2008 मध्ये दुर्गंधीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. पण हवेच्या गुणवत्तेची 2009 ची राष्ट्रीय मानकं 12 प्रदूषकांची आहेत आणि त्यात अमोनिया आहे, ‘वास’ नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे जाण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली, त्याचा रोख धुरावर होता. वासाच्या तक्रारीला आकड्याचा आधार नाही. मग ती वजनदार माणसाच्या आवाजावर चालते.

आवाजात आणखीही काही मिसळलेलं असतं. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेत पामेला डाल्टन यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एकच वास दिला. काहींना सांगितलं, हा नैसर्गिक अर्क आहे. काहींना सांगितलं, हे घातक औद्योगिक रसायन आहे. पहिल्यांचं नाक नेहमीसारखं सरावलं. दुसऱ्यांना तोच वास वेळ जाईल तसा अधिक उग्र वाटू लागला. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांत बोंबील-सुकटीच्या वासावरून जे ठराव होतात ते वाचताना हा प्रयोग आठवावा. त्यातला काही राग नाकातून आलेला असतो, काही शेजाऱ्याच्या ताटाबद्दलच्या मतातून. विज्ञान फक्त पहिल्यावर उपाय सांगू शकतं.

तर उपाय. सगळ्यात आधी धूर जिथे उठतो तिथेच पकडला पाहिजे. भट्टीवरचा हूड भट्टीपेक्षा रुंद हवा. पुष्कळ पोळी-भाजी केंद्रांत तो अरुंद असतो आणि निम्मी वाफ बाजूने निसटून दारातून रस्त्यावर येते. मग तेलाचे थेंब. ते आधी पत्र्याच्या बॅफल जाळीत, उरलेले बारीक स्थिरविद्युत यंत्रात पकडायचे. वायूंची पाळी शेवटी, त्यासाठी सक्रिय कोळसा. करवंटीपासून केलेल्या अशा कोळशाच्या एका ग्रॅमच्या छिद्रांचा एकूण पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. वासाचे रेणू तिथे चिकटून बसतात. हा क्रम चुकला, तेलकट धूर थेट कोळशावर सोडला, की छिद्रं बुजतात आणि महागडं यंत्र थोड्याच दिवसांत शोभेचं होतं. माशांच्या प्रक्रिया कारखान्यांत आम्लाच्या फवाऱ्याने हवा धुतात. अमाइन आम्लाला भेटला की त्याचा क्षार बनतो आणि क्षार उडत नाही. कालवणात कोकम घालणाऱ्या आजीने हेच केलं, फक्त पेटंट घेतलं नाही.

तेलाचंही पाहावं. तेच तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यातून अ‍ॅक्रोलिनसारखी झोंबरी द्रव्यं आणि खवट वासाची अल्डिहाइडं सुटतात. तेलातली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांपुढे गेली की ते तळणीला वापरायचं नाही, हा नियम 2018 पासून लागू आहे. तो खाणाऱ्याच्या पोटासाठी केला, पण शेजाऱ्याच्या नाकालाही उपयोगी पडतो.

पण या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि हमखास दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नळकांड्याचं तोंड कुठे उघडतं. आपल्याकडे तळमजल्याच्या गाळ्याचा पंखा सर्रास इमारतीच्या मागच्या चौकात किंवा डक्टमध्ये हवा फेकतो. चारी बाजूंनी भिंती, वर आकाशाचा तुकडा. गरम हवा त्या विहिरीतून चढते आणि प्रत्येक मजल्याच्या न्हाणीघराच्या खिडकीतून आत डोकावते. धुराडं छतापर्यंत नेलं तरी पाऊस नको म्हणून त्यावर पत्र्याची टोपी बसवतात. टोपी धूर आडवा आणि खाली वळवते, सगळ्या उंचीवर पाणी पडतं. आसपासच्या 20 मीटरमधल्या इमारतींच्या छतापेक्षा निदान 1 मीटर वर, सरळ आकाशाकडे हवा सोडावी, असं ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वाऱ्याचाही हिशेब आहे. मुंबईत दुपारी वारा समुद्रावरून येतो, रात्री जमिनीवरून जातो, त्यामुळे दुपारचा आणि रात्रीचा तक्रारदार वेगळा असतो. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा जड होऊन बसून राहते आणि वास वर जातच नाही. मिसळीचा कट पहाटे उकळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

अर्विंडेलमध्येही शेवटी असाच तांत्रिक उपाय कामी आला. राज्यपालांच्या कार्यालयाने मध्यस्थी केली, छतावरच्या गाळणयंत्रणा सुधारल्या गेल्या आणि मे 2014 मध्ये नगरपालिकेने दावा मागे घेतला. कारखाना तिथेच राहिला. कोर्टात गेलेले सात महिने गाळणीवर खर्च झाले असते तर दोन्ही बाजूंचे वकील तेवढे हळहळले असते.

‘आम्ही आधीपासून आहोत’ हा युक्तिवाद जुन्या धंदेवाल्यांनी फार ताणू नये. 1879 च्या लंडनमधल्या एका खटल्यात एका मिठाईवाल्याचे खलबत्ते 20 वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरने नंतर त्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली, आणि कोर्टाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. 1913 मध्ये तळलेल्या माशांच्या एका दुकानदाराने, मी गरिबांना स्वस्त अन्न देतो, असं सांगून पाहिलं. तेही चाललं नाही. मात्र त्या न्यायाधीशांनी धंद्यावर सरसकट बंदी घातली नाही. ही जागा चुकीची, त्याच रस्त्यावर दुसरी योग्य जागा असू शकेल, असं त्यांनी मान्य केलं. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांत दोन्ही खटले आजही शिकवतात.

गिरणगावात चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आहेत, प्रत्येक उपनगरात घरगुती जेवणाचे डबे पुरवणाऱ्या बायकांचे धंदे गाळ्यांत शिरताहेत. हे धंदे वाढायलाच हवेत. सोसायटीने ना हरकत देताना धुराड्याचं तोंड कुठे, गाळण्या कधी बदलणार आणि भाजणं-कांडणं कोणत्या वेळेत, एवढं कागदावर लिहून घ्यावं. तक्रारदाराने ‘सतत वास येतो’ असा अर्ज न करता तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवावी. आणि तपासायला माणूस बोलवाल तेव्हा त्याला गल्ल्यापाशी चहा पाजत बसवू नका. आधी वरच्या मजल्यावरच्या त्या खिडकीत नेऊन उभा करा.