सलगमातला जॅक

आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे हॅलोविनला, दारात वा खिडकीत ठेवला जाणारा कंदील मुळात भोपळ्याचा नसून सलगमाचा होता, आणि तेथे ज्याला नुसते ‘टर्निप’ म्हणतात तो बहुधा स्वीड, म्हणजे जांभळट सालीचा, पिवळसर गराचा अतिशय टणक कंद असतो.

तो कोरणे हे मनगटाची परीक्षा पाहणारे काम आहे. बूड सपाट करून शेंड्याकडची चकती झाकणासाठी कापून ठेवतात. मग गरावर सुरीने उभ्याआडव्या चिरा पाडून तो चमच्याने खरवडत जावे लागते, आणि भिंत बोटभर उरली की मगच डोळे व दात कापायला घेतात, कारण भिंत जाड राहिली तर उजेड आतच कोंडतो आणि फार पातळ झाली तर दात मोडतात. झाकणाला भोक ठेवले नाही, तर मेणबत्तीचा तुकडा हवेअभावी विझतो. ठेवले, तर झाकण आतून करपून उग्र दर्प सुटतो. निघालेला गर उकडून, लोणी घालून खाल्ला जातो. काही दिवसांत कंद आकसतो, सालीला सुरकुत्या पडतात, ओठ आत वळतात, आणि कोरणाऱ्याला न साधलेला भेसूरपणा वाळताना आपोआप येतो. भोपळ्याचे हसरे तोंड यापुढे फिकेच.

‘जॅक-ओ-लँटर्न’ या नावामागे सैतानाला फसवणाऱ्या कंजूष जॅकची कथा सांगतात: स्वर्ग व नरक दोन्ही बंद झाल्याने तो सैतानाने दिलेला निखारा सलगमात घालून भटकत राहिला. दलदलीवर दिसणाऱ्या, वाटसरूला भुलवणाऱ्या उजेडालाही, म्हणजे आपल्या चकव्याच्या भाऊबंदालाही, हेच नाव होते. हिवाळ्याच्या तोंडावर मृतांचा वावर मानणाऱ्या साविन या केल्टिक सणापर्यंत या कंदिलाचे मूळ नेले जाते, ते मात्र कंदाच्याच साक्षीने टिकत नाही; सण जुना असला, तरी स्वीडची शेती ब्रिटिश बेटांत पसरली ती अठराव्या शतकाच्या अखेरीकडे, तेव्हा द्रुइड, म्हणजे केल्टांचे पुरोहित, स्वीड कोरीत बसले असतील हे संभवत नाही. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात अमेरिकेला गेलेल्या आयरिशांच्या हाती मऊ, आयताच पोकळ भोपळा आला, आणि स्वीड मागे पडला.

मेयो परगण्यातील कॅसलबारजवळच्या आयरिश राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्रामजीवन विभागात डोनेगलमधील फिनटाउनचा असा एक कंदील जपलेला आहे. तो प्लास्टरचा आहे, कारण मूळ सलगम टिकणारा नव्हता.