'सोडविणे' या क्रियापदाचा अर्थ व उपयोग

इयत्ता चौथी-पाचवीतील मुलांच्या कानांवर 'सोडविणे' हे क्रियापद पडते ते बहुधा गणिताच्या तासाला. 'उदाहरण सोडवा' एवढाच त्याचा अर्थ ती जाणतात. वास्तविक व्यवहारातील त्याचा अर्थ याहून व्यापक आहे आणि तो नीट न कळल्यास कुटुंबाची हानी होण्याचा संभव असतो.

प्रथम रूपे पाहू. सुटणे, सोडणे व सोडविणे ही एकाच कुळातील क्रियापदे होत. 'गाठ सुटली' यात सुटणे अकर्मक आहे. 'गुराख्याने गाय सोडली' यात सोडणे सकर्मक आहे. सोडविणे हे रूपाने प्रयोजक आहे. 'त्याने भावाची दारू सोडविली' येथे तो अर्थ स्पष्ट दिसतो. इतरत्र मात्र 'अडकलेले मोकळे करणे' हाच त्याचा अर्थ होतो. गुंता, कोडे, भांडण व गहाण ही सारी सोडवावयाचीच असतात.

यांपैकी गहाणाचा अर्थ विशेष विस्ताराने शिकवावा. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घरातील पितळी गुंडी गहाण पडली म्हणजे ती धन्याची असूनही त्याच्या उपयोगाची राहत नाही. मुद्दल व व्याज देऊन ती परत आणली की तिचे मोल पुन्हा त्याच्या पदरात पडते. यालाच गहाण सोडविणे म्हणतात. कर्ज फेडावयाचे व वस्तू सोडवावयाची, हा भेदही ध्यानात आणून द्यावा.

आता पुढील दोन वाक्ये फळ्यावर लिहावी:

1. आजोबांनी शेत सोडले.
2. आजोबांनी शेत सोडविले.

पहिल्या वाक्यात शेतावरील हक्क गेला. दुसऱ्यात गहाण पडलेले शेत परत आले. केवळ 'वि' या एका अक्षराने अर्थ उलटा झाला. अनेक घरांत कागद वाचून दाखविण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडेच येते. त्याने हे अक्षर गाळून वाचले तर ऐकणाऱ्याची फसगत होईल.

कायद्याच्या भाषेत यास 'विमोचन' म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या कलम 60 अन्वये, देय झालेली गहाणाची रक्कम दिल्यावर स्थावर मिळकत सोडवून घेण्याचा हक्क गहाण देणाऱ्यास आहे. या हक्कासाठी दावा लावण्याची मुदत, मुदत अधिनियम, 1963 अन्वये, 30 वर्षे आहे. मोठ्या मुलांना एवढे सांगणे पुरेसे आहे.

गणिताशी सांगड अशी घालता येईल: 'दरसाल दरशेकडा 12 दराने 500 रुपयांस गहाण ठेवलेली गुंडी एका वर्षाने सोडविण्यास किती रुपये लागतील?' उत्तर 560 रुपये. येथे मूल उदाहरण सोडविते आणि गुंडीही. दोन्ही अर्थ एकाच वेळी त्याच्या मनात ठसतात.

आपल्याकडील मुले झाडीबोलीच्या वळणाने 'सोडवने' असे म्हणतील. त्यांचा उपहास करू नये. लेखनात 'ण' आणण्याचा सराव सावकाश द्यावा. 'वि' मात्र वाचनात कधीही गाळू देऊ नये.