जुन्या पत्रावरचं तिकीट फेकू नका, मुलांच्या शिष्यवृत्तीला उपयोगी पडेल

रत्नागिरी : परदेशात हॉकीपटूंची कार्डं जमवायचा छंद आहे. आपल्याकडे ती हौस टपाल तिकिटांवर भागते. हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचं तिकीट १९८० साली निघालं. आपल्या जिल्ह्यात जन्मलेली माणसंही तिकिटांवर आहेत. लोकमान्य टिळकांचं तिकीट १९५६ चं, तर खेड तालुक्यातल्या शेरवलीच्या महर्षी कर्वेंचं १९५८ चं. कर्वे तेव्हा शंभरीत होते आणि हयात होते!

तिकीट कसं काढायचं?
मुंबईहून आलेली जुनी पत्रं घरात असतील तर तिकीट ओरबाडू नका. पाकिटाचा तेवढा तुकडा कापून साध्या पाण्यात ठेवा. तिकीट सुटलं की टिपकागदावर पालथं वाळवा, मग जाड पुस्तकात दाबा. गोंद, सेलोटेप नको. कडेचे दात तुटले की किंमत गेली. पाकिटावर गावाचा शिक्का स्पष्ट असेल तर पाकीट अख्खंच जपा.

शिष्यवृत्ती कोणाला?
सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याने २०१७ मध्ये 'दीनदयाळ स्पर्श' योजना सुरू केली. वर्षाला ६,००० रुपये मिळतात. मागच्या परीक्षेत ६० टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत आहे. शाळेच्या फिलाटेली क्लबचं सदस्यत्व लागतं. क्लब नसेल तर मुलाच्या नावाने पोस्टात फिलाटेली खातं काढलं तरी चालतं. निवड प्रश्नमंजुषा आणि तिकिटांवरच्या प्रकल्पातून होते.

अर्जाची तारीख आणि चालू नियम मुख्य टपाल कार्यालयात विचारून घ्या.