तडा किती मोठा चालेल?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात खडू मोडीत आणि विचारीत, "हा नेमका येथेच का मोडला?" माझे पुढचे सारे आयुष्य धातूंना हाच प्रश्न विचारण्यात गेले.

दाबपात्र म्हणजे केवळ बॉयलर नव्हे. अग्निबाणातील घन इंधनाचे कवच हेही दाबपात्रच होय. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे कवच २.८ मीटर व्यासाचे, मॅरेजिंग पोलादाचे असते. हे पोलाद आपल्या हैदराबादेत, कांचनबागेतील मिश्र धातु निगमात तयार होते. (कवचे घडविण्यात पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरचाही वाटा आहे, हे मराठी माणसाने आवर्जून सांगावे.) त्यात सुमारे १८ टक्के निकेल असते आणि कार्बन जवळजवळ नसतोच. सुमारे ४८० अंश सेल्सिअसला काही तास ठेवले की त्याची मजबुती १,७०० मेगापास्कलच्या आसपास जाते.

पण मजबुती म्हणजे चिवटपणा नव्हे. ग्रिफिथ यांनी १९२० साली काचेच्या अभ्यासातून दाखविले की, पदार्थ कोठे मोडेल हे त्यातील तडा ठरवितो. पुढे आयर्विन यांनी हा विचार धातूंना लावला. तड्याच्या अर्ध्या लांबीला पायने गुणावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ताणाने गुणावे. ही राशी पोलादाच्या भंगचिवटपणाएवढी झाली की तडा धावत सुटतो. उदाहरणादाखल, भंगचिवटपणा १५० आणि ताण १५० मेगापास्कल असेल, तर सुमारे ६४ सेंटिमीटर लांबीचा तडा लागेल. मॅरेजिंग पोलादाचा आकडा ९० आणि ताण १,१०० धरला, तर चार मिलिमीटरचा तडा पुरेसा होतो! एवढासा तडा शोधणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर सारे उड्डाण अवलंबून असते.

अमेरिकेत एप्रिल १९६५ मध्ये याच जातीच्या पोलादाचे ६.६ मीटर व्यासाचे कवच पाण्याच्या दाबाखाली तपासताना, ठरलेल्या दाबाच्या सुमारे ५६ टक्क्यांवरच फुटले. भंगाचा उगम वितळजोडाजवळच्या, तपासणीत न सापडलेल्या दोषात होता.

मग भंगचिवटपणा मोजूनच का घेऊ नये? अडचण नमुन्याच्या जाडीची आहे. चिवटपणास मजबुतीने भागून वर्ग केला आणि त्याची अडीचपट घेतली की मीटरमध्ये किमान जाडी मिळते. वरील मॅरेजिंग पोलादास सात मिलिमीटर पुरतात. पण अणुभट्टीच्या पात्राच्या पोलादाचा चिवटपणा २०० आणि मजबुती ४५० धरली, तर जवळजवळ अर्धा मीटर जाडीचा ठोकळा हवा! तेव्हा अंदाज बांधणे भाग पडते. १० मिलिमीटर चौरस, खाच पाडलेला चार्पी नमुना हातोड्याने तोडतात आणि शोषल्या गेलेल्या ऊर्जेवरून चिवटपणा काढतात. १९७० च्या सुमारास बारसम आणि रॉल्फ यांनी दिलेली सूत्रे प्रसिद्ध आहेत. पण बोथट खाच म्हणजे तीक्ष्ण तडा नव्हे, आणि हातोड्याचा आघात म्हणजे सावकाश चढणारा दाब नव्हे. फिनलंडच्या वालिन यांनी फेराइटी पोलादांसाठी अधिक सयुक्तिक मार्ग दाखविला: नमुन्यानमुन्यांतील विखुरणे ही मोजणाऱ्याची चूक न मानता तो पोलादाचाच गुण मानावयाचा. मला हा विचार सूत्राहून मोलाचा वाटतो. मॅरेजिंग पोलादास मात्र ते सूत्र लावता येत नाही. तेथे प्रत्येक ओतणीची आणि प्रत्येक जोडाची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. तरुणपणी एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) वितळजोडाच्या तीन नमुन्यांची सरासरी काढून एक पात्र सुरक्षित असल्याचे मी लिहून दिले. तिसरा नमुना पहिल्या दोहोंच्या निम्म्या आकड्यावरच मोडला होता. तो तयार करण्यात चूक झाली असावी, अशी मी स्वतःची समजूत घातली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिन्ही तुकडे माझ्यापुढे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पहिल्या दोहोंत तड्याचे टोक जोडापासून सरकून मूळ पोलादात गेले होते. तिसऱ्यात ते जोडालगतच्या, उष्णतेने बदललेल्या अरुंद पट्ट्यात, म्हणजे पाहिजे तेथेच होते. फेकून द्यावयाचा म्हणून मी बाजूस सारलेला नमुना तेवढा बरोबर निघाला. त्याच संध्याकाळी मी अहवाल परत मागितला. पात्र दोन महिने अडून राहिले, आणि तो जोड कोरून पुन्हा भरावा लागला.